अभ्यास झाला, पण कसा झाला? : इंग्रजीच्या अभ्यासाविषयी वाचकांचे प्रश्न

सहामाही परीक्षेचे पेपर तपासून झाले की मराठवाड्यातील शिक्षकांची आणि पालकांची पत्रे वाढतात, हा या सदराचा दरवर्षीचा अनुभव आहे. यंदाची बरीचशी पत्रे इंग्रजीत पडलेल्या कमी गुणांबद्दल आहेत. मात्र काही पत्रांत त्याच्या पुढचा प्रश्न आहे : आपली अभ्यासाची पद्धत मुलांना स्वतःच तपासता यावी, यासाठी आपण त्यांना कशी मदत करावी? मी तेहतीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले आणि त्यांपैकी पहिली कितीतरी वर्षे हा प्रश्न मला सुचलाही नव्हता, याची मला आजही खंत वाटते. म्हणून या अंकाचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मा. बाई, मी बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद प्रशालेत नववीला इंग्रजी शिकवते. मुलांना स्वतःच्या अभ्यासाचा विचार करता यावा म्हणून मी वीस वाक्यांचा एक तक्ता त्यांच्याकडून भरून घेतला. ‘मी रोज वेळापत्रकाप्रमाणे अभ्यास करतो’, ‘मी अवघड शब्दांचे अर्थ शोधतो’ अशी ती वाक्ये होती आणि प्रत्येकापुढे ‘नेहमी’, ‘कधी कधी’, ‘कधीच नाही’ असे पर्याय होते. जवळजवळ सगळ्यांनी ‘नेहमी’वर खूण केली. पुढच्याच आठवड्यात झालेल्या घटक चाचणीत निम्मा वर्ग नापास झाला. मुले माझ्याशी खोटे बोलली का? आणि आता मी काय करू?

उत्तर : बाई, मुले खोटे बोलली असे मला वाटत नाही. शिक्षकांनी छापील कागद हातात दिला की ती परीक्षाच, हे आपल्या मुलांना पहिलीपासून ठाऊक असते आणि परीक्षेत अपेक्षित उत्तर लिहायचे असते. ‘मी रोज अभ्यास करतो’ या वाक्यापुढे कोणती खूण अपेक्षित आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले. दुसरी अडचण ‘अभ्यास’ या शब्दाचीच आहे. एखाद्याच्या लेखी धडा दोनदा वाचणे म्हणजे अभ्यास, दुसऱ्याच्या लेखी गाइडमधली उत्तरे वहीत सुवाच्य अक्षरात उतरवणे म्हणजे अभ्यास, तर तिसऱ्याच्या लेखी पुस्तक समोर उघडे ठेवून दिवेलागणीपासून जेवणापर्यंत बसणे म्हणजे अभ्यास. तिघांनीही प्रामाणिकपणे ‘नेहमी’वर खूण केली, तरी त्यातून आपल्याला काहीच कळत नाही.

म्हणून सवयीबद्दल विचारू नये, नुकत्याच केलेल्या एखाद्या कामाबद्दल विचारावे आणि ते काम समोर ठेवून विचारावे. ‘तू शब्दांचे अर्थ शोधतोस का?’ या प्रश्नापेक्षा ‘काल रात्री तू कोणत्या तीन शब्दांचे अर्थ शोधलेस आणि ते कुठे सापडले?’ हा प्रश्न विचारला, तर मुलाला आठवावे लागते, वही उघडावी लागते आणि काही केलेच नसेल तर निदान ते त्याच्या स्वतःच्या लक्षात येते. हे लक्षात येणे त्याच्या मनात घडायला हवे. आपल्याला ते कळले नाही तरी फारसे बिघडत नाही.

आपल्याकडे नुकत्याच झालेल्या घटक चाचणीचे पेपर आहेत, त्यांपासूनच आरंभ करता येईल. तपासलेले पेपर वाटण्यापूर्वी मुलांना कोरी प्रश्नपत्रिका द्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे आपल्याला किती गुण मिळतील याचा अंदाज पेन्सिलीने लिहायला सांगा. त्यानंतर पेपर वाटा आणि अंदाजाशेजारी मिळालेले गुण लिहून घ्या. जिथे दोन आकड्यांत मोठे अंतर असेल, तेवढाच प्रश्न प्रत्येकाने पाहायचा, सगळा पेपर पाहायचा नाही. अंतर का पडले याची कारणे इंग्रजीच्या पेपरात बहुधा चारच निघतात : प्रश्नातली सूचना नीट कळली नाही, उताऱ्यातला किंवा प्रश्नातला शब्द अडला, उत्तर माहीत होते पण वाक्य इंग्रजीत बनवता आले नाही, किंवा वेळ पुरला नाही. मी मुलांना समासात ‘सू’, ‘श’, ‘वा’ आणि ‘वे’ ही अक्षरे लिहायला सांगत असे. दोन-तीन चाचण्यांनंतर वही पालटली की कोणाच्या समासात कोणते अक्षर वारंवार येते ते चटकन दिसते.

यातले एक उदाहरण मी विसरलेले नाही. परळीकडच्या एका खेड्यातून एसटीने येणारी दहावीतली एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, वही कव्हर घातलेली, गैरहजेरी नाहीच. उताऱ्यावरच्या एका प्रश्नात तिने स्वतःला चारपैकी चार गुण धरले होते आणि मिळाले होते दोन. प्रश्न असा होता की दिलेली विधाने बरोबर की चूक ते सांगा आणि चुकीची विधाने दुरुस्त करून लिहा. तिने चारही विधानांपुढे अचूक खुणा केल्या होत्या, पण दुरुस्त केलेले विधान एकही लिहिले नव्हते. मागच्या चाचणीचा पेपर काढला, तर त्यातही कारण लिहायचे राहून गेले होते. त्याआधीच्या पेपरात पत्राचा मजकूर उत्तम होता, पण मुद्द्यांतला शेवटचा मुद्दा गळला होता. वर्षभर मी तिला ‘आणखी वाचन कर’ असे सांगत आले होते आणि ती बिचारी वाचत राहिली होती. वाचनाची उणीव तिला नव्हतीच, सूचनेचा अर्धा भाग वाचून ती लिहायला लागत होती. हे तिने स्वतः शोधले आणि वहीत एकच वाक्य लिहिले : ‘मी प्रश्न पुरा वाचत नाही, घाई करते.’ त्यापुढे तिने ठरवले की सूचनेतल्या प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि जितक्या रेघा तितकी कामे झाली का ते उत्तर संपल्यावर मोजायचे. तिला मी ज्या सूचना वर्षभर दिल्या, त्यांतली एकही इतकी नेमकी नव्हती.

कारण सापडल्यानंतर पुढच्या चाचणीपर्यंत करायची एकच गोष्ट मुलाने ठरवावी आणि ती दिसेल, मोजता येईल अशी असावी. ‘आता मन लावून अभ्यास करीन’ हा निश्चय मुले मोठ्या उत्साहाने लिहितात, पण पंधरा दिवसांनी तो पाळला की नाही हे त्यांनाही सांगता येत नाही. ‘रोज एक सूचना मराठीत लिहून काढीन’ हे मात्र तपासता येते. पुढच्या वेळी पेपर वाटताना आधी मागची नोंद वाचायला लावा. ठरवलेले केले का, केले असेल तर फरक पडला का आणि पडला नसेल तर काय बदलायचे, एवढे झाले की एका तासिकेचे काम पूर्ण होते.

या नोंदी कोणत्या भाषेत लिहाव्यात, हे आपण विचारलेले नाही, पण विचारले असते तर मी निःसंकोचपणे ‘मराठीत’ असेच सांगितले असते. इंग्रजीच्या तासाला सगळे इंग्रजीतच झाले पाहिजे, या आग्रहापायी मुलाला आपली अडचण अपुऱ्या इंग्रजीत मांडायला लावली, तर तो त्याला येते तेवढेच एक तयार वाक्य लिहून मोकळा होतो आणि खरी अडचण मनातच राहते.

प्रश्न : बाई, मी हिंगोली जिल्ह्यात दहावीत शिकतो. इंग्रजीचा प्रत्येक धडा मी चार-पाच वेळा वाचतो आणि महत्त्वाच्या ओळी हायलायटरने रंगवतो. वाचताना सगळे येते असे वाटते, पण पेपर समोर आला की आठवत नाही. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

उत्तर : बाळ, तुझ्या स्मरणशक्तीत काही उणे नाही. चौथ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि ओळखीचे वाटले म्हणजे आले, असा आपला समज होतो. पण पेपरात ओळ समोर नसते, ती आपल्यालाच मनातून काढावी लागते आणि त्या कामाचा सराव वाचनाने होत नाही.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तुला सांगते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी लहान उतारे वाचले. त्यानंतर काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, तर काही उताऱ्यांबाबत कागद मिटून जेवढे आठवते तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचलेला मजकूर अधिक आठवला, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. एका आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले : पुन्हा वाचलेल्या मजकुरापैकी ४२ टक्के आठवला आणि न पाहता लिहून काढलेल्या मजकुरापैकी ५६ टक्के. याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात असे आढळले की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला पुढेही चांगले आठवेल याची खात्री अधिक वाटत होती, प्रत्यक्षात आठवले मात्र कमी. म्हणजे वाचताना ‘मला येते’ असे वाटणे हा अभ्यासाचा पुरावा धरता येत नाही. ही फसगत महाविद्यालयातल्या मुलांचीही होते, तेव्हा तू स्वतःला दोष देऊ नकोस.

पुढे २०१३ मध्ये डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचे संशोधन एकत्र तपासले. त्यांत पुन्हा वाचणे आणि ओळी रंगवणे या पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि तोच अभ्यास दिवसांचे अंतर ठेवून विभागून करणे, या दोन पद्धतींना सर्वांत वरचे स्थान मिळाले.

तू असे कर. धडा एकदा शांतपणे वाच, पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर धड्यात काय आहे ते मराठीत पाच-सहा ओळींत लिही. मग पुस्तक उघडून काय राहिले ते लाल पेनाने भर. ते लाल अक्षर म्हणजेच तुझ्या अभ्यासाचे खरे मोजमाप आहे. तीन दिवसांनी तेच पुन्हा कर आणि लाल अक्षर किती कमी झाले ते पाहा. इंग्रजीत उत्तरे लिहिणे त्यानंतरचे.

शब्दांसाठी घरात पडलेल्या जुन्या लग्नपत्रिका काप. त्यांच्या कोऱ्या बाजूवर इंग्रजी शब्द आणि मागच्या बाजूवर मराठी अर्थ व एक वाक्य लिही. मागची बाजू छापील असेल, तर त्यावर आधी पांढरा कागद चिकटव. चपलांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याच्या आडव्या पट्ट्या लावून तीन कप्पे कर. नवा शब्द पहिल्या कप्प्यात जाईल आणि तो कप्पा रोज पाहायचा. शब्द बरोबर आला की तो दुसऱ्या कप्प्यात जाईल, तो कप्पा तीन दिवसांनी पाहायचा. तिथेही बरोबर आला तर तिसऱ्या कप्प्यात, तो आठवड्याने. चुकला तर कुठल्याही कप्प्यातून पहिल्यात परत. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. त्याचे कप्पे आणि दिवस वेगळे होते, मी आपल्या सोयीने ते बदलले आहेत. दर रविवारी तिन्ही कप्प्यांतल्या पत्रिका मोजून वहीत तीन आकडे लिहीत जा. पहिला कप्पा फुगत चालला असेल तर नवे शब्द घेणे थांबव.

एक गोष्ट जपून सांगते. पाठ्यपुस्तकातले धडे कितीही पक्के केलेस, तरी बोर्डाच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत न पाहिलेला उताराही असतो आणि स्वतःच्या शब्दांत लिहायचे प्रश्नही असतात. त्यांचा सराव आठवड्यातून दोनदा, घड्याळ लावून करावा.

प्रश्न : माझा मुलगा लातूरला नववीत आहे. क्लासमध्ये दर रविवारी चाचणी होते. गुण कधी वर, कधी खाली. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, मला इंग्रजी येत नाही. मी त्याच्या अभ्यासावर लक्ष कसे ठेवू?

उत्तर : ताई, लातूरच्या मुलांना चाचण्यांची सवय लवकर लागते आणि ‘लातूर पॅटर्न’चे नाव झाले त्यात या सततच्या सरावाचा वाटा मोठा आहे. परंतु चाचणी झाली, गुण कळले आणि पेपर दप्तराच्या तळाशी गेला, असे होत असेल तर त्या रविवारचा निम्मा लाभ वाया जातो. गुण किती मिळाले हे चाचणी सांगते. का गेले, हे तो पेपर पुन्हा पाहिल्याशिवाय कळत नाही.

आपल्याला इंग्रजी येत नाही, याचा येथे अडथळा नाही. उलट, मला त्यात सोयच दिसते. पेपर हातात घेऊन त्याला म्हणा, ‘हे कुठे चुकलं ते मला समजेल असं सांग.’ ज्याला येते त्याला सांगताना अर्धवट सोडता येते, न येणाऱ्याला मात्र सगळे उलगडून सांगावे लागते आणि उलगडताना आपल्याला स्वतःला कुठपर्यंत कळले आहे ते त्याच्या ध्यानात येते. तो अडखळला तर रागावू नका, फक्त ‘बरं, हे उद्या बाईंना विचारशील का?’ एवढे म्हणा. शब्दांच्या वेळी वही आपण धरा, मराठी अर्थ वाचा आणि त्याला इंग्रजी शब्द लिहायला सांगा. अक्षरास अक्षर जुळते का, हे पाहायला इंग्रजी यावे लागत नाही. शेजारच्या मुलाला किती गुण पडले, हे मात्र त्या वेळी काढू नये. तसे झाले की मूल चुका दाखवायचे थांबते.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातील एका तांड्याजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. मुले घरी गोरमाटी बोलतात. दिवाळीनंतर बरीच कुटुंबे ऊसतोडीला जातात, काही मुले सोबत जातात, काही आजीजवळ राहतात. स्वतःच्या अभ्यासाच्या नोंदीची वही सुरू करावी असे वाटते, पण ती चार महिने खंडित होणार. अशा मुलांकडून ही अपेक्षा करणे योग्य आहे का?

उत्तर : सर, आपल्या पत्रातला शेवटचा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबले होते. ज्या मुलीला पहाटे उठून धाकट्या भावाला सांभाळायचे आहे, पाणी भरायचे आहे, तिला ‘तुझ्या वेळेचे नियोजन तपास’ असे सांगणे मला पटत नाही. तिचा वेळ तिच्या हातात नाही आणि जे हातात नाही त्याची जबाबदारी नोंदवहीतून तिच्यावर टाकली, तर ती वही म्हणजे आणखी एक कमीपणा होईल. म्हणून वेळेबद्दलचे प्रश्न या मुलांच्या बाबतीत पूर्णपणे वगळावेत.

त्याऐवजी ‘मला येते’ अशी वही करावी. युरोपातल्या भाषाशिक्षणात २००१ पासून वापरात आलेल्या भाषा-संचिकेत विद्यार्थी ‘मला हे करता येते’ अशा वाक्यांवर स्वतःची पारख करतात. अमुक धडा झाला, अशी नोंद तीत नसते. दुकानावरची पाटी वाचता येते, आपल्याबद्दल चार वाक्ये बोलता येतात, अशी ती नोंद असते. ही वाक्ये आपण आपल्या मुलांच्या जगातून घ्यावीत : औषधाच्या बाटलीवरची शेवटची तारीख मला वाचता येते, खताच्या पोत्यावरचे इंग्रजी शब्द मला ओळखता येतात, मोबाइलवर आलेला इंग्रजी संदेश मला आजीला सांगता येतो, माझे नाव, गाव आणि वर्ग मी न पाहता इंग्रजीत लिहू शकतो. प्रत्येक वाक्यापुढे खूण करण्याआधी मुलाने ते एकदा आपल्यासमोर किंवा शेजारच्या मित्रासमोर करून दाखवावे. केलेले दिसल्याशिवाय खूण नाही, हा नियम आनंदाने पाळला जातो, कारण करून दाखवायला मुलांना आवडते.

नोंद गोरमाटीत बोलून केली तरी चालेल. मूल बोलेल आणि लिहिणारा मित्र मराठीत लिहील. कारखान्याच्या फडावर जाणाऱ्या मुलाच्या वहीत जाताना तीन-चारच वाक्ये लिहून द्या, जी त्याला शाळेशिवाय, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसूनही आजमावता येतील. रस्त्यावरच्या पाट्या, वाहनांवरचे शब्द, कारखान्याच्या फाटकावरचा मजकूर हे त्याचे पुस्तक होऊ शकते. परत आल्यावर मात्र ‘चार महिन्यांत काय बुडाले’ ही यादी आधी काढू नये. त्याने वहीत काय आणले ते वर्गाला आधी ऐकू द्यावे आणि बुडालेल्या भागाचे नियोजन त्यानंतर, त्याच्याशी बोलून करावे. आजीजवळ राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय गावात असेल, तर संध्याकाळच्या वेळी हीच वाक्ये तेथे जोडीने तपासता येतील.

प्रश्न : विद्यार्थ्यांच्या अशा स्वयंमूल्यमापनाच्या नोंदींना आम्ही अंतर्गत २० गुणांत काही गुण द्यावेत का? त्याशिवाय मुले गांभीर्याने लिहीत नाहीत. (जालना जिल्ह्यातील एक मुख्याध्यापक)

उत्तर : सर, देऊ नयेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापनाचा आणि सहाध्यायींनी केलेल्या मूल्यमापनाचा समावेश असावा असे म्हटले आहे आणि ते स्वागतार्ह आहे. पण पत्रकात स्थान देणे वेगळे आणि गुण देणे वेगळे. ‘मला हे येत नाही’ असे लिहिणाऱ्या मुलाला आपण किती गुण देणार? कमी दिले, तर तो पुढच्या वेळी तसे लिहिणार नाही. अधिक दिले, तर येत असलेलेही येत नाही असे लिहिणारी मुले तयार होतील. गांभीर्य आणायचे असेल, तर शिक्षकांनी नोंदीखाली दोन ओळींचे उत्तर लिहावे आणि त्या नोंदीमुळे आपल्या शिकवण्यात एखादा बदल झाला असेल, तर तो वर्गात सांगावा. पंचवीस मुलांच्या समासात ‘वा’ आले, म्हणून पुढचा आठवडा आपण फक्त वाक्यरचनेला देत आहोत, असे शिक्षकांनी एकदा फळ्यासमोर उभे राहून सांगितले की पुढच्या वेळी ती नोंद कशी लिहायची, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.